इंजिनाचा ठोका : डेटनमधील एका शोधाला मिरजेपर्यंत यायला ८० वर्षे का लागली?

२००१ साली सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एक प्रयोग सुरू झाला. पेट्रोलमध्ये शेकडा ५ या प्रमाणात इथेनॉल, म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क, मिसळून ते इंधन विक्रीस पाठवले गेले. देशात अशी ठिकाणे तीनच निवडली होती : महाराष्ट्रात मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली. आयात तेलाचा खर्च कमी व्हावा आणि साखर कारखान्यांना आधार मिळावा, हा त्यामागचा उघड हेतू.

परंतु पेट्रोलमध्ये मद्यार्क घालण्याची कल्पना नवी नव्हती. ८० वर्षांपूर्वी अमेरिकेत ती एका वेगळ्याच दुखण्यावर वापरून पाहिली गेली होती, आणि ती लागूही पडली होती. ते दुखणे म्हणजे इंजिनाचा ठोका. औषध हाती असताना जगाने दुसरे औषध का निवडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची ही कथा आहे. सातारा-सांगलीचा त्यातील भाग पुष्कळांना ठाऊक नसतो.

प्रथम आवाज नीट ऐकला पाहिजे, कारण ‘इंजिन ठोकते’ या एका तक्रारीखाली दोन निराळे विकार दडलेले असतात. एक धातूचा, दुसरा इंधनाचा.

धातूचा ठोका झिजेतून येतो. पिस्टनचे वरखाली होणे क्रँकच्या फिरण्यात बदलण्यासाठी मध्ये कनेक्टिंग रॉड असतो आणि त्याचे मोठे टोक क्रँकवर एका बेअरिंगमध्ये बसलेले असते. या दोहोंमधील फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असावी लागते आणि ती तेलाने भरलेली असावी लागते. बेअरिंग झिजले किंवा तेलाचा दाब उतरला की प्रत्येक फेऱ्यात रॉड क्रँकवर आदळतो. हा आवाज जड, बोथट, घणासारखा असतो.

इंधनाचा ठोका ज्वलनातून येतो. ठिणगी पडली की ज्योत एका बाजूने पसरत जाते आणि तिच्या पुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापत राहते. इंधन कच्चे असेल तर ज्योत पोहोचण्याआधीच ते मिश्रण आपोआप, एकदम पेटते. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. लोखंडी डब्यात खडे खुळखुळावेत तसा हा किणकिणाट, सेकंदाला सहा-सात हजार कंपनांचा. तो चढावर, भार असताना येतो आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की थांबतो. फार दिवस दुर्लक्ष केले तर पिस्टनला भोक पडते.

वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट किंवा पुणे-सातारा रस्त्यावरील खंबाटकी घाट ही या दुसऱ्या ठोक्याची जणू परीक्षाकेंद्रेच. गती कमी, भार पूर्ण, इंजिन तापलेले : ठोक्याला लागणारी सारी परिस्थिती एकत्र येते. गंमत अशी की घाटाच्या माथ्याशी हवा विरळ होत जाते, सिलिंडरमध्ये कमी हवा शिरते आणि तोच ठोका थोडा नरमतो. वाई सुमारे ७०० मीटरवर, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या वर.

आरंभीच्या मोटारींत यावरचा तात्पुरता उपाय चालकाच्या हातात असे, शब्दशः. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत सुकाणूच्या चाकाखाली एक छोटा दांडा होता. तो सरकवून ठिणगीची वेळ मागेपुढे करता येई. चढ लागला आणि आवाज सुरू झाला की चालक ठिणगी थोडी उशिरा पडेल असे करी. ठोका थांबे, इंजिनाची ताकदही थोडी उतरे.

आता निदान. यंत्रे आली त्याच्या फार पूर्वी मिस्त्रींनी कानाची एक पद्धत बसवली होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे पाते इंजिनाच्या अंगाला टेकवायचे आणि लाकडी मूठ कानाशी धरायची. धातूतून येणारा आवाज थेट कानात उतरतो आणि कोणत्या सिलिंडरपाशी तो मोठा आहे ते कळते. वैद्याच्या नळीचाच हा प्रकार, फक्त रोगी लोखंडाचा.

त्यानंतर एकेका सिलिंडरला काम करण्यापासून रोखायचे. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरच्या प्लगची ठिणगी तोडायची, डिझेलमध्ये इंधन पोहोचवणाऱ्या नळीचा नट सैल करायचा. ज्या सिलिंडरची पाळी आली असता ठोका एकदम हलका होतो, त्याच्याच रॉडचे बेअरिंग गेलेले असते, कारण स्फोटाचा दाब नाहीसा झाल्यावर आदळायला जोरच उरत नाही. एकही सिलिंडर तोडून फरक पडत नसेल आणि आवाज खोल, जमिनीतून आल्यासारखा असेल, तर संशय क्रँकच्या मुख्य बेअरिंगवर जातो. तेलाच्या दाबाचा काटा खाली असेल तर तो पक्का होतो.

थंड इंजिनात खडखडणारा आणि तापल्यावर विरणारा आवाज सैल पिस्टनचा. क्रँकच्या निम्म्या वेगाने होणारी, भाराशी देणेघेणे नसलेली बारीक टकटक टॅपेटची. ती ऐकून घाबरणारे मालक मिस्त्रींना फार आवडत असावेत.

बेअरिंगची दुरुस्ती हे पूर्वी खरे हस्तकौशल्य होते. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढलेला कथिल, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू वितळवून रॉडच्या टोकात ओतत. तो थिजला की क्रँकला निळा रंग लावून रॉड त्यावर फिरवत आणि जेथे निळाई उमटे तेवढाच उंचवटा हाती पात्याने खरवडत. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. सर्वत्र सारखी निळाई उमटेपर्यंत हे चाले. झीज थोडी असेल तर बेअरिंगच्या टोपीखालील पातळ पत्रे काढून फट आवळली जाई. एक पत्रा जास्त निघाला तर इंजिन तापून जाम होई आणि एक कमी निघाला तर ठोका पंधरवड्यात परत येई. पुढे तयार शेल आले, क्रँक यंत्रावर घासून त्याच्या मापाचे शेल बसवणे सुरू झाले आणि खरवडण्याची ही विद्या ओसरत गेली.

ही विद्या कृष्णाकाठी पोहोचली ती मोटारींच्या आधी कारखान्यांतून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल येथे, संस्थानिकांनी दिलेल्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. नांगर, पुढे पंप : शेतीला लागणारे लोखंड येथे ओतले, घासले, जुळवले जाऊ लागले. आज ही वाडी सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या कागदांत या भागाचा शोध घेताना दोन्ही नावे पाहावी लागतात.

दुसरे नाव साताऱ्याचे : धनजीशा कूपर. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे ते काही महिने पंतप्रधान होते, तेवढ्यापुरतेच इतिहासाची पुस्तके त्यांना ओळखतात. परंतु १९२२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या सातारा भागातील कूपर इंजिनिअरिंग कारखान्याच्या वाटचालीत १९३३ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी तेथे डिझेल इंजिन तयार झाले आणि भारतात बनलेले ते पहिले डिझेल इंजिन होते, असे कूपर परंपरा सांगते. १९४० मध्ये हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची.

डिझेलचा ठोका मात्र पेट्रोलच्या नेमका उलट असतो, आणि येथे अनेक लेखक घसरतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तापलेल्या दाबलेल्या हवेत इंधन फवारले जाते आणि ते आपोआप पेटावे हीच अपेक्षा असते. ते पेटायला उशीर झाला तर दरम्यान साठलेले सारे इंधन एकदम भडकते आणि ठोका बसतो. म्हणजे पेट्रोलला लवकर पेटणे हा दोष आणि डिझेलला उशिरा पेटणे हा दोष. विहिरीवर व नदीकाठी पाणी उपसणाऱ्या मंदगती इंजिनांत हा ठोका थोडाफार असतोच. त्यांची धडधड ऐकून वाढलेल्या शेतकऱ्याला रोजचा ठोका आणि बिघडलेला ठोका यांतील फरक मळ्याच्या दुसऱ्या टोकावरून कळतो.

पेट्रोलचा ठोका मात्र मिस्त्रीच्या पान्याने कायमचा जाणारा नव्हता. हेड उतरवून आत साचलेला कार्बन खरवडावा, ठिणगी मागे घ्यावी, थंड प्रकारचा प्लग बसवावा, पाण्याची वाट साफ करावी : एवढे झाले की त्याचा अधिकार संपे. मूळ दोष इंधनात होता. इंजिनाची ताकद वाढवायची तर मिश्रण अधिक दाबावे लागते आणि अधिक दाबले की ठोका येतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारीची सारी प्रगती या एका आवाजापाशी अडली होती.

ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो याने दाब बदलता येईल असे इंजिन बांधून कोणते इंधन किती दाब सोसते ते मोजले. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग आणि त्याचा तरुण सहकारी थॉमस मिजली या मागे लागले. केटरिंगने मोटारीला विजेचा स्टार्टर दिला होता, आणि ठोक्याचा दोष लोक त्याच्याच विद्युत ठिणगीला देत. त्यामुळे खरा गुन्हेगार शोधणे त्याला भागच होते.

आरंभ एका चुकीच्या तर्काने झाला. एक रानफूल बर्फाखालीही लवकर फुलते, त्याच्या पानांची पाठ तांबडी असल्याने ती उष्णता शोषत असावी, तर मग इंधन तांबडे केले तर? हाताशी तांबडा रंग नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन घातले. ठोका कमी झाला! मग खरे तांबडे रंग आणून घातले, तर काहीच फरक नाही. तर्क खोटा ठरला, पण इंधनात काही मिसळून ठोका थांबवता येतो हे सत्य हाती लागले.

त्यानंतर एकामागून एक पदार्थ तपासले गेले. अॅनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम. टेल्युरियमचा उग्र लसणी दर्प अंगाला व कपड्यांना असा चिकटे की संशोधकांना लोकांत वावरणे अवघड झाले. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक तेलकट संयुग, इंजिनात गेले आणि आवाज बंद झाला. एका गॅलन पेट्रोलला सुमारे ३ ग्रॅम पुरत.

त्याच काळात मिजलीने मद्यार्क मिसळलेले पेट्रोलही तपासले होते. तेही ठोका थांबवी. मद्यार्क आपोआप पेटायला नाखूश असतो आणि वाफ होताना मिश्रण थंड करतो, म्हणून दाब सोसतो. मग शिसे का जिंकले? मद्यार्क शेकडा १० ते २० मिसळावा लागे, म्हणजे तेल कंपन्यांची तेवढी विक्री जाई. शिवाय मद्यार्क कोणालाही गाळता येतो, त्याच्यावर मक्ता बसत नाही. शिशाच्या संयुगावर पेटंट घेता येत होते. या व्यवहारात रसायनशास्त्रापेक्षा हिशेबाचे वजन जास्त होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

शिसे विष आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते असे नाही. स्वतः मिजलीला १९२३ च्या आरंभी शिशाच्या बाधेमुळे विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धी कारखान्यात हे संयुग हाताळणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण मेले, तिसाहून अधिक रुग्णालयात गेले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर तो द्रव हातांवर ओतून, हुंगून दाखवला. १९२५ मध्ये विक्री थांबली, वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली, अॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या व्यवसायजन्य रोगांच्या जाणकार डॉक्टरांनी विरोध केला. १९२६ मध्ये बंदीला पुरेसे कारण नाही असा निर्वाळा मिळाला आणि शिसे जगभर पसरले. विक्रीचे नाव ‘इथाइल’ ठेवले होते. त्यात शिशाचा उल्लेखही नव्हता.

याच सुमारास इंधनाची पट्टीही ठरली. ठोक्याला सर्वांत कणखर अशा आयसो-ऑक्टेनला १०० आणि सर्वांत दुबळ्या हेप्टेनला शून्य. पंपावर दिसणारा ऑक्टेन अंक तो हाच.

भारतात दीर्घकाळ साधे पेट्रोल कमी ऑक्टेनचे मिळे. म्हणून येथील मोटारींना दाब कमी ठेवावा लागे. अॅम्बॅसडरच्या पेट्रोल इंजिनात मिश्रण सुमारे सातपट दाबले जाई, आजच्या मोटारीत दहापट किंवा त्याहून अधिक. त्यावर शिशाची मात्रा. रस्त्याकडेला राहणारे, वाहतूक पोलीस, गॅरेजमध्ये पेट्रोलने हात धुणारी पोरे, या सर्वांच्या अंगात ती जात राहिली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह काही मोठ्या शहरांत झालेल्या रक्ततपासणीत १२ वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आढळले. ही मात्रा बुद्धीच्या वाढीला अपाय करते. ठोका बंद झालेला ऐकू येत होता, शिसे मात्र कोणाला ऐकू येत नव्हते.

आणि या साऱ्या काळात कृष्णा, वारणा, येरळेच्या खोऱ्यांत दुसरे औषध वाढतच होते. स्वातंत्र्यानंतर सातारा-सांगलीत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. साखर काढून झाल्यावर उरणारा काळा चिकट पाक म्हणजे मळी. तिच्यापासून मद्यार्क काढता येतो हे सर्वांना ठाऊक होते. इतकेच काय, १९४८ मध्येच भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा झाला होता आणि पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची तरतूद त्यात होती. परंतु मद्यार्काला दारूचा आणि रसायन उद्योगाचा ग्राहक होता, त्यावर अबकारीचा पहारा होता आणि बाहेरून येणारे तेल स्वस्त होते. कायदा पुस्तकात राहिला.

शिसे जायला सुरुवात १९९४ मध्ये महानगरांत शिशाची मात्रा घटवण्यापासून झाली. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेमुक्त पेट्रोल आले, कारण धुराड्यातील शुद्धीकरणयंत्र शिशाने निकामी होते. म्हणजे येथेही यंत्राची गरज आधी ऐकली गेली. १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली.

शिसे गेल्यावर अवघ्या वर्षभरात मिरजेचा प्रयोग झाला. २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, तो कित्येक वर्षे रखडत चालला. २०२२ मध्ये १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१ असताना २० टक्के मिश्रणाचा सुमारे ९५ धरला जातो. ठोक्यापुरते पाहिले तर १९२१ च्या प्रयोगाने दाखवले तेच घडले.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते, म्हणून तेवढ्याच लिटरात गाडी कमी चालते. ते पाणी शोषते आणि जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व वॉशर त्याला टिकत नाहीत. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न तर माण-खटाव व जतच्या माणसाने विचारावा आणि कृष्णाकाठच्या माणसाने ऐकावा असा आहे.

आता ठिणगीचा दांडा चालकाच्या हातात नाही. इंजिनाच्या अंगाला एक छोटा संवेदक बसवलेला असतो. ठोक्याची ती विशिष्ट कंपने कानी पडताच तो संगणकाला कळवतो आणि ठिणगी क्षणात मागे घेतली जाते. पसरणी घाटात मॉडेल टीच्या चालकाने जे केले असते तेच, फक्त न सांगता. साताऱ्याच्या कूपर कॉर्पोरेशनने या शतकात आपली नवी डिझेल इंजिने आखून घेतली ती रिकार्डो या ब्रिटिश संस्थेकडून. ठोका मोजणाऱ्या त्याच हॅरी रिकार्डोने स्थापन केलेली ही संस्था.

धातूचा ठोका मात्र यांपैकी कशानेही जात नाही. जुनी गाडी घेऊन मालक गॅरेजात येतो आणि नव्या पेट्रोलमुळे इंजिन ठोकू लागले असे सांगतो. जाणता मिस्त्री इंधनाविषयी काही बोलत नाही. तो इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची ठिणगी तोडतो. तिसऱ्या सिलिंडरला आवाज पडला, की गाडी जॅकवर चढते, तेल काढले जाते, खालचे चेंबर उतरते आणि मायक्रोमीटर क्रँकला लागतो.